धडधाकट फोनची सक्तीची निवृत्ती

सांगलीची माझी थोरली बहीण, आमची अक्का, चालती वस्तू कधी टाकत नाही. तिचा अँड्रॉइड फोन सात वर्षांचा. काच शाबूत, बॅटरी दिवसभर पुरते. गेल्या महिन्यात एका सकाळी तिच्या बँकेचे अ‍ॅप उघडेना. ‘या फोनवर हे अ‍ॅप चालणार नाही’ एवढीच ओळ. पेन्शन खात्यात जमा, फोन हातात आणि मध्ये ही ओळ! ‘‘अरे, पण मोडलंय काय?’’ तिने मला विचारले. उभी हयात बँकेत काढलेल्या भावाला उत्तर देता येईना, कारण मोडले काहीच नव्हते.

फोनचे यंत्र आणि त्यातली अ‍ॅप्स यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती जुनी झाली की धडधाकट यंत्रही निकामी ठरते. अ‍ॅपलचे यंत्र आणि सिस्टिम एकाच घरची. म्हणूनच २०१५च्या आयफोन ६एसला २०२१ची नवी सिस्टिम मिळू शकली. अँड्रॉइडचा कारभार मात्र भागीदारीचा. सिस्टिम गूगलची, चिप दुसऱ्याची, फोन तिसऱ्याचा. एकाने हात आखडता घेतला की ग्राहक लटकला. आता काही कंपन्या महागड्या फोनांना सात वर्षांची हमी देतात. पण अक्काने घेतला तो साधा फोन.

महाग घेतला की प्रश्न मिटतो, असेही नाही. व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०२३मध्ये अँड्रॉइड ५च्या आधीच्या फोनांना निरोप दिला, तसाच मे २०२५मध्ये आयफोन ५एस आणि ६ यांनाही दिला. बँकेची बाजूही मला कळते. ज्या सिस्टिमची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, तिच्यावर लोकांचे पैसे सोपवणे धोक्याचेच. माझी तक्रार दार बंद करण्याबद्दल नाही. ते न सांगता बंद करण्याबद्दल आहे.

आम्हीही जुन्या गोष्टी बंद केल्याच की! रिझर्व्ह बँकेने २०१०मध्ये धनादेशांचा नवा नमुना ठरवला. जुने धनादेश दुसऱ्या दिवशी रद्दीत गेले नाहीत. त्यांचे क्लिअरिंग आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा असे कमी होत गेले आणि २०१८च्या अखेरीस थांबले. काउंटरवर बसून मी कितीतरी म्हाताऱ्यांना नवे चेकबुक दिले. कागदाच्या एका पानाला जी मुदत मिळाली, ती हजारो रुपयांच्या फोनला का मिळू नये?

युरोपीय संघात जून २०२५पासून नियम आहे : फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे त्याच्या सिस्टिमची दुरुस्ती ग्राहकाला मिळाली पाहिजे. आपल्याकडे निदान ते अखेरचे वर्ष खोक्यावर छापणे सक्तीचे करावे. औषधाच्या पाकिटावर तारीख असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते. आणि बँकांनी अ‍ॅप बंद करण्यापूर्वी सहा महिने तरी ग्राहकाला कळवावे.

अक्काने अखेर नवा फोन घेतला. मी खोके उलटसुलट करून पाहिले. किंमत होती, उत्पादनाचा महिना होता. ‘‘हा किती वर्षं चालेल रे?’’ तिने विचारले. ते मात्र कुठेच छापलेले नव्हते.