कर्णाची कैफियत आणि आमचा दावा



परभणी जिल्ह्यातील आपल्या शिकत्या मुलांच्या हाती एक जाडजूड कादंबरी मला वारंवार दिसते. शिवाजी सावंत यांची, १९६७ साली प्रसिद्ध झालेली ‘मृत्युंजय’. मुले ती रात्र रात्र जागून वाचतात आणि कर्णासाठी रडतात. त्यांच्या अश्रूंबद्दल माझी तक्रार नाही. ते अश्रू कशासाठी वाहतात, एवढेच मला विचारावयाचे आहे.

या कादंबरीत कथा सांगणारा लेखक नाही. मरण पावलेला कर्णच बोलू लागतो. कुंती, दुर्योधन, पत्नी वृषाली, धाकटा भाऊ शोण हेही आपापली साक्ष देतात आणि अखेरीस श्रीकृष्ण बोलतो. ज्याला ‘सूतपुत्र’ म्हणून भर सभेत हिणवले गेले, त्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची बाजू वदविणे हे धाडस होते. त्याचे श्रेय लेखकास दिलेच पाहिजे. तथापि साक्ष ऐकून सद्गदित होण्याने वकिलाचे काम संपत नाही. साक्षीदार नेमके काय मागतो, हे त्याने पाहावयाचे असते.

न्यायालयात दावा वादी आणतो आणि कैफियत प्रतिवादी देतो. कर्णाची ही सारी कथा म्हणजे कैफियत आहे. त्याच्यावर आरोप हीन कुळाचा. त्यावर कथेचे उत्तर असे, की तो वस्तुतः सूर्यपुत्र व कुंतीचा ज्येष्ठ पुत्र होता. जगाने त्याला ओळखले नाही. म्हणजे अन्याय कोणता? तर त्याच्या कुळाची नोंद चुकली, हा! नोंद करणारी वहीच अन्यायाची आहे, असे या कैफियतीत कोठेही म्हटलेले नाही.

याची कसोटी पाहावयाची असेल तर शोणाकडे पाहा. तो अधिरथ व राधा यांच्या पोटचा, खराखुरा सूतपुत्र. त्याच्या जन्मात गुपित नाही, अंगावर कवच नाही, पाठीशी सूर्य नाही. तोही बोलतो, परंतु बोलतो ते थोरल्या भावाविषयी. त्याचे स्वतःचे दुःख कोणी विचारीत नाही. जो मुळात क्षत्रिय होता त्याची हेटाळणी ही शोकांतिका, आणि जो खरोखरच सूत होता त्याची हेटाळणी ही रीत! अंगठा कापून देणाऱ्या एकलव्याच्या वाट्याला तर साक्षीदाराची जागाही आलेली नाही.

कोणी म्हणेल, श्रीकृष्णाने जन्मरहस्य सांगून राज्य देऊ केले असता कर्णाने ते नाकारले, राधेचे मातृत्व सोडले नाही. हे मोठेपण नव्हे काय? निःसंशय आहे. परंतु तो पुरावा कर्णाच्या शीलाचा आहे. व्यवस्थेविरुद्धचा दावा तो नव्हे.

महाभारतातील रंगभूमीवर कृपाचार्यांनी कर्णाला कुळ विचारले, तेव्हा दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केले. प्रश्न तसाच राहिला, केवळ उत्तराला मुकुट चढला. विनयपिटकात याच्या नेमकी उलट कथा आहे. शाक्य कुमार आणि त्यांचा नापित उपाली हे एकत्र प्रव्रज्या घ्यावयास आले, तेव्हा तथागतांनी उपालीस आधी दीक्षा दिली, जेणेकरून त्या कुमारांनी आपल्या सेवकास वंदन करावे. तथागतांनी उपालीचे कुळ उंच ठरविले नाही. कुळाची वहीच मिटून टाकली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपणांस जो मार्ग दिला, तो उपालीचा आहे. म्हणून आपल्यापैकी कोणी ‘आम्हीही मुळात क्षत्रियच होतो’ असे अभिमानाने सांगू लागला, की मला भय वाटते. तो दावा सोडून कैफियत देऊ लागला, असे समजावे. माणूस असण्याला आणखी कोणता दाखला हवा?

आपला दावा सांगणारे साहित्यात आले, ते पुढे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात. १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले, १९८६ साली बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. यांपैकी कोणाच्याही जन्मात सूर्य दडलेला नाही. त्यांना त्याची गरजही पडली नाही.

परंतु मराठवाड्याची साक्ष अजून पुरी झालेली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आपली घरे पेटली. परभणी जिल्ह्यातीलही पेटली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. ती राख डोळ्यांनी पाहिलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. कादंबरीत मेलेला कर्ण बोलू शकतो. न्यायालयात मेलेला साक्षीदार बोलत नाही.

म्हणून मुलांनो, ‘मृत्युंजय’ अवश्य वाचा. वाचून झाल्यावर मात्र ती मिटा, कोरी वही घ्या आणि आपल्या आजीसमोर बसा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख-वारासह लिहून काढा. कुळ विचारू नका. काय घडले ते विचारा.

जय भीम.