मागे डिस्क लावा, पण हँडब्रेक गमावून नको

जुनी जीप बाळगणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना हल्ली गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : "मागचे ड्रम काढून टाका, डिस्क लावा, गाडी नव्यासारखी थांबेल." सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते आणि तिची किंमत हमालाला किंवा ड्रायव्हरला मोजावी लागते. म्हणून हा लेख.

आमचा धंदा कापडाचा. जीप ही आमच्यासाठी हौस नव्हे. अमरावतीहून परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीपर्यंत आणि अकोल्याहून पातूरच्या घाटापलीकडे गाठी पोचवायच्या तर असेच वाहन लागते. भरलेली गाडी उतारावर थांबली पाहिजे, आणि माल उतरवताना चढावर उभीही राहिली पाहिजे. ब्रेकची ही दोन वेगळी कामे आहेत.

विलीज घडणीच्या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम असत. त्यांचे दोष खरे आहेत. लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला की ड्रम तापून फुगतो, लाइनरची पकड सुटते आणि पेडल खाली जाऊ लागते. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की पाणी आणि आपल्या वऱ्हाडची काळी माती आत जाऊन बसते. अॅक्सलचे ऑइल सील गळले तर लाइनर तेलाने माखतात. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते, पाणी फेकून देते, आणि पॅड किती झिजले ते पाहणेही सोपे जाते.

तरीही घाई करू नये. ब्रेक मारला की गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढची चाके करतात. २०२० साली आलेल्या नव्या थारलाही कंपनीने पुढे डिस्क आणि मागे ड्रमच दिला, हे ध्यानात घ्यावे. खिशात एकाच अॅक्सलचे पैसे असतील तर ते पुढे लावावेत. त्याही आधी मास्टर सिलिंडर पाहावा. जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये निदान दोन चाके हाती राहतात.

डिस्कला पायाचा जोरही जास्त लागतो. फिरता ड्रम आतल्या लाइनरला स्वतःच ओढून घेतो, तशी मदत डिस्क करत नाही. म्हणून बूस्टर लागतो, आणि डिझेल इंजिनावर बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड घासत राहतात आणि चाक तापते. शिवाय रिकाम्या जीपचा मागचा भाग हलका असतो. मागे ब्रेक जास्त लागला तर मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरते. पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण बसवून, गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही प्रकारे मोकळ्या मैदानात चालवून पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

आता मुख्य मुद्दा हँडब्रेकचा. जुन्या विलीज जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असे. अशा गाडीचे मागचे ड्रम काढले तरी हँडब्रेक शाबूत राहतो. पण ज्या गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या ड्रममधील लाइनरला जाते, तिथे ड्रम गेला की हँडब्रेकही गेला. दुसऱ्या गाडीचे पुढचे कॅलिपर आणून मागे बसवले तर त्यांना केबल लावायला जागाच नसते.

माझ्या जीपचे असेच झाले. मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "सेठ, आता हँडब्रेक कोन ओढते? गेअर टाका अन् चाकामागं गोटा लावा." मी ऐकले. घटांगच्या अलीकडे चढावर गाठी उतरवताना ट्रान्स्फर केसचा दांडा न्यूट्रलला होता, हे कोणाच्या लक्षात आले नाही. तो न्यूट्रलला असला की गेअर टाकला तरी चाके मोकळीच राहतात. गोटा सरकला आणि जीप मागे आली. सागाच्या झाडाला अडली म्हणून हमाल वाचला. त्या दिवशी वाचवलेल्या पैशांची मला लाज वाटली.

उपाय आहेत. हँडब्रेकची सोय असलेले मागचे कॅलिपर मिळतात. काही डिस्कच्या आतच हँडब्रेकसाठी छोटा ड्रम असतो. ब्रेकच्या लाइनमध्ये दाब अडकवून ठेवणारे लॉक मात्र हँडब्रेक नव्हे. दाब हळूहळू उतरतो आणि गाडी सुटते.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ब्रेकच्या नियमात पायाच्या ब्रेकबरोबर पार्किंग ब्रेकही धरलेला आहे. गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करण्यावर १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे. खाजगी गाडीची १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. म्हणून काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांनाही विचारावे. अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

आपल्या समाजातील कितीतरी मुले गॅरेजच्या धंद्यात आहेत. त्यांच्या हातातल्या हुनराबद्दल शंका नाही. त्यांना एवढीच विनंती, की गिऱ्हाइकाने घासाघीस केली तरी हँडब्रेक सोडून काम घेऊ नये. आणि व्यापारी बंधूंनी पैसे देण्यापूर्वी भरलेली गाडी चढावर न्यावी, न्यूट्रल करून फक्त हँडब्रेकवर उभी करावी. ती जागची हलली नाही तरच बिल चुकते करावे.