प्रश्न प्रार्थनेचा नाही, संमतीचा आहे

‘परिपाठातल्या प्रार्थनेने कुणाचं काय बिघडतं?’ असं गेल्या अंकातील पत्रलेखक विचारतात. प्रश्न संमतीचा आहे. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अज्ञान मुलाला उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. ‘नको असेल त्याने गप्प उभं राहावं’ हे म्हणणं सोपं आहे. पण रांगेतल्या साऱ्या जोडलेल्या हातांत एकाचेच हात खाली असले की सगळ्या माना तिकडे वळतात. आठ वर्षांच्या मुलाने ते का सोसावं? राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहणाऱ्या केरळमधील तीन भावंडांना शाळेने काढलं, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. धर्मांची ओळख वर्गात जरूर व्हावी, पण हात जोडायला लावणं वेगळं. प्रवेशअर्जातच संमतीचा रकाना ठेवावा. तो कोरा असेल तर नकार समजावा.

– एक वाचक