नकाशा आहे, पण उघडत नाही. म्हणून पुन्हा टेंडर?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत गळती शोधायला नगरपरिषदेने तीन ठिकाणी रस्ता खोदला. पहिला खड्डा कोरडा. दुसऱ्यात टेलिफोनची मेलेली केबल. तिसऱ्यात जेसीबीने चालू लाइनच फोडली. चार दिवस टँकर, आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं त्याला गटाराचा वास. शेवटी निवृत्त व्हॉल्व्हमन काकांना घरून बोलावून आणलं. त्यांनी वडाच्या पारापासून पावलं मोजली, काठी टेकवली, म्हणाले, "हितं खोदा." तिथेच निघाला व्हॉल्व्ह.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र धडकी भरली. काकांचं वय ७८. आपल्या शहराच्या पाण्याचा नकाशा एका ७८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यात असेल, तर हे कौतुकाचं आहे का?

आणि खरं सांगायचं तर नकाशा आहे. २००७ साली आपल्याच पैशातून जीआयएस सर्व्हे झाला होता. मुलं टेप आणि कागद घेऊन गल्लीबोळांतून फिरत होती, जुन्या लोकांना आठवत असेल. कुठला पाइप किती इंची, कशाचा, कुठल्या साली टाकला, व्हॉल्व्ह कुठे, सगळं त्यात भरलं होतं.

मी माहिती अधिकारात तो नकाशा मागितला. उत्तर आलं, "संबंधित सॉफ्टवेअर कार्यालयात उपलब्ध नसल्याने माहिती देता येत नाही." चौकशी केली तेव्हा कळलं की सॉफ्टवेअरचं लायसन्स एकाच संगणकाला होतं, मागे एक डोंगल लावावं लागायचं. तो संगणक निर्लेखित झाला, भंगारात गेला, डोंगलही त्याच्याबरोबर गेलं. उरली कपाटातली एक सीडी. झालं, काम संपलं.

आणि आता शुक्रवारच्या सर्वसाधारण सभेत विषय आलाय, शहराचा नव्याने जीआयएस सर्व्हे करण्यासाठी निविदा. म्हणजे किल्ली हरवली म्हणून घरच नवीन बांधायचं!

मी अपिलात गेलो. म्हटलं, तुम्ही उघडू नका, फाइल आहे तशी कॉपी करून द्या. कलम २(ञ) नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहिती त्याच स्वरूपात मागता येते. कॉपी मिळाली. माझी भाची पुण्यात याच क्षेत्रात काम करते. ती आणि मी दोन रविवार बसलो.

फाइल निघाली साध्या अ‍ॅक्सेस डेटाबेसची. ज्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर, तिच्या आजच्या नव्या आवृत्तीतही ही जुनी फाइल उघडत नाही. पण क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती उघडली. खर्च शून्य रुपये आणि भाचीसाठी दोन डझन हापूस.

उघडल्यावर अडचणी आल्याच. सगळं शहर शे-दीडशे मीटर सरकलेलं, शाळेच्या वर्गातून पाइप चाललाय! सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या मापावर आणि जीपीएसचं माप वेगळं, म्हणून ही सरक. आपला नकाशा कोणत्या मापावर, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. पार, टाकी, पूल यांच्या खुणा जुळवून भाचीने तो जागेवर आणला. गल्ल्यांची नावं जुन्या मराठी फॉण्टात, म्हणजे आजच्या संगणकावर नुसती भुताची भाषा. ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली.

एका ठिकाणी मात्र दोघंही अडलो. पाइपच्या रकान्यात नुसते आकडे, १, २, ३. कशाला १ आणि कशाला ३, याची यादीच सीडीत नाही. ती कुणी सोडवली? काकांनी. मोबाइलवर नकाशा दाखवला, तर म्हणाले, "टाकीपासनं देवळापर्यंत बिडाचाच पाइप हाय, मीच हुतो टाकताना." तिथे आकडा होता ३. अशा दहा-बारा जागा विचारल्यावर सगळी यादी लागली. आणि पारापाशी काकांनी काठी टेकवली होती, तिथून चार पावलांवर नकाशात व्हॉल्व्ह दिसत होता. हा नकाशा महिनाभर आधी उघडला असता, तर तिन्ही खड्डे वाचले असते.

काही जण म्हणतील, "डेटा जुना झाला, उपयोग काय?" अहो, पाइप काय चालत जातात? २००७ च्या आधी टाकलेले बरेचसे आजही तिथेच आहेत. नवे कंत्राटदार रडार लावतील, पाइप कुठे आहे हे दिसेल. कुठल्या साली टाकला, मध्ये कुठे जोड मारला, हे रडार सांगत नाही, व्हॉल्व्हमन सांगतो. २००७ च्या सर्व्हेला पाच व्हॉल्व्हमन हाताशी होते. आज काका एकटे उरलेत. त्या पाच जणांची माहिती ज्या सीडीत आहे, ती आपण रद्दीत काढतोय.

भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन इंग्रजांच्या काळातलं टिपण मागा. पिवळं पडलेलं, पण वाचता येतं. ३३ फुटांची साखळी, १६ आण्यांचे भाग, एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा. आजचा मोजणीदार त्यावरून बांध दाखवतो. कागद शंभर वर्षं टिकला आणि आमची सीडी वीस वर्षांत मुकी झाली. दोष संगणकाला देऊ नका, माप आणि खुणांची यादी सोबत न ठेवणाऱ्याला द्या.

हे इतरांचंही झालंय. कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी जगातली पहिली जीआयएस उभारली, देशभरातल्या जमिनीची नोंद केली. पुढे टेप राहिल्या, त्या वाचणारी यंत्रणा गेली. त्यांनी काय केलं? जुने कर्मचारी आणि अभिलेखागारवाले एकत्र बसवले आणि डेटा सोडवून घेतला. आज तो कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) सांगतं की अभिलेख सूची लावून, माहिती मिळणं सोपं होईल अशा रीतीने ठेवा. न उघडणारी सीडी त्यात बसते का, साहेब?

मागण्या साध्या आहेत :

१. निविदेचा विषय तहकूब करा. आधी जुना डेटा सोडवा. आम्ही केलेलं काम विनामूल्य देतो, तपासून घ्या.
२. काकांना मानधन देऊन महिनाभर पाणीपुरवठा विभागात बसवा. आजच, उद्या नाही.
३. पुढे सर्व्हे झालाच, तर डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये, मराठी युनिकोडमध्ये, माप आणि संकेतांच्या यादीसह घ्या. कार्यालयातल्या संगणकावर उघडून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

पाण्याच्या लाइनींचा नकाशा आहे, म्हणून इथे टाकत नाही. ज्या नगरसेवकांना बघायचाय त्यांनी घरी यावं, चहा ठेवतो.

शुक्रवारी ११ वाजता सभा आहे. मी काकांना घेऊन प्रेक्षक गॅलरीत बसणार आहे. ज्यांच्या नळाला त्या पाचव्या दिवशी वास आला होता, त्यांनी तरी या.