विहीर खणणारा गवई

मंडळी, शेतात राबणारा एक आणि पिकाचा धनी दुसरा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ज्यांच्या घरात बटाईने शेती झाली आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. पण गाण्यातही असेच असते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. गळा एकाचा आणि गाणे दुसऱ्याच्याच नावावर! आज ज्याची हकिगत सांगायची आहे तो अमेरिकेतला गवई ओटिस रेडिंग. वाटेकऱ्याच्या घरी जन्मला, विहिरी खणल्या, गाणी रचली, गायली आणि आलेल्या पैशातून जमीन घेतली. आयुष्य मात्र अवघ्या २६ वर्षांचे मिळाले.

त्याचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावचा. मुलूख कापसाचा आणि भुईमुगाचा. बाप वाट्याने शेती करणारा. तिकडे निग्रो वाटेकऱ्यांची रीत अशी होती : जमीन मालकाची, बियाणे-खत मालकाकडून उधारीवर आणि हिशेबाची वहीही मालकाच्याच घरी. वर्षाच्या शेवटी हाती काय पडायचे ते ती वही ठरवणार. ओटिस लहान असतानाच बापाने गाव सोडले आणि मेकन शहराजवळच्या विमानदलाच्या तळावर नोकरी धरली. रविवारी तो चर्चमध्ये प्रवचनही करी. पोरगा तिथल्या गायकवृंदात गाऊ लागला.

पुढे बापाला क्षयाने धरले. पंधराव्या वर्षी ओटिसने शाळा सोडली आणि घराला हातभार लावण्यासाठी विहिरी खणण्याच्या कामावर गेला. पेट्रोलपंपावरही राबला. संध्याकाळी मात्र गाण्याच्या चढाओढीत उभा राही. मेकनच्या डग्लस थिएटरातले पाच डॉलरचे बक्षीस त्याने ओळीने पंधरा आठवडे मारले, असे सांगतात.

तो जे गात असे त्याला 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. चर्चमधल्या भजनाची आर्तता घ्यायची आणि तिच्यात संसारातले प्रेम, विरह, कष्ट ओतायचे, असे हे गाणे. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, जसे आपले टाळकरी झेलतात. ओटिसकडे शास्त्राचे शिक्षण नव्हते. पिपाणीवाल्यांनी काय वाजवायचे ते तो तोंडाने गुणगुणून दाखवी आणि ते तसे वाजवीत.

१९६२ साली एका गिटारवाल्याचे ध्वनिमुद्रण मेंफिस शहरात स्टॅक्स नावाच्या कंपनीत ठरले होते. ओटिस त्याच्या गाडीचा चालक म्हणून गेला. ते मुद्रण काही जमले नाही. थोडा वेळ उरला होता, तेवढ्यात ओटिसला संधी मिळाली. स्वतः रचलेले एक संथ गाणे तो गायला आणि त्याचे नशीब उघडले.

१९६५ साली त्याने 'रिस्पेक्ट' म्हणजे 'मान' हे गाणे केले. दिवसभर राबून आलेला नवरा घरात मान मागतो, असा त्याचा रोख. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिन या गायिकेने तेच गाणे उलटवून बाईच्या तोंडी घातले आणि ते साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर गेले. बायाबापड्यांनी आणि हक्कासाठी झगडणाऱ्या निग्रो समाजाने ते आपले मानले. आता गंमत पाहा. तिथल्या नियमाप्रमाणे रेडिओवर गाणे वाजले की मोबदला रचणाऱ्याला मिळतो, गाणाऱ्याला नाही. म्हणजे रेडिओवर गळा अरीथाचा वाजे आणि पैसा येई ओटिसच्या घरी! तिच्यावर तो अन्यायच होता. पण रचणाऱ्याचे नाव कागदावर असण्याला किती किंमत आहे, ते यातून कळते.

ओटिसला ते कळले होते. आपला व्यवस्थापक फिल वॉल्डन याच्या भागीदारीत त्याने गाण्यांच्या हक्कांसाठी 'रेडवॉल' नावाची संस्था काढली. १९६५ मध्ये मेकनच्या उत्तरेला राउंड ओक इथे सुमारे ३०० एकर जमीन घेतली. तिथे गुरे आणि घोडे पाळले. ज्याचा बाप दुसऱ्याच्या वहीवर जगला, त्याच्या नावे ३०० एकर! गावोगावच्या जलशांतून सुटला की तो या शेतावर येई.

१९६७ च्या शरद ऋतूत त्याच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. काही आठवडे बोलायचीही बंदी होती. गळा मोकळा झाल्यावर त्याने भराभर गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतले एक होते खाडीच्या धक्क्यावर एकट्या बसलेल्या माणसाचे, 'डॉक ऑफ द बे'. शेवटी तो नुसती शीळ घालतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० डिसेंबर १९६७ रोजी, त्याचे छोटे विमान विस्कॉन्सिन राज्यातल्या मोनोना तलावात कोसळले. आठांपैकी एकच वाचला. ओटिसला त्याच्याच शेतात मूठमाती दिली. ते गाणे १९६८ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. जिवंतपणी त्याला हे यश एकदाही मिळाले नव्हते.

मागे राहिली पंचविशीतली बायको झेल्मा आणि तीन लहान लेकरे. आणि नेमके तेव्हाच स्टॅक्स कंपनीवर संकट आले. तिचे मालक जिम स्टुअर्ट यांनी १९६५ साली अटलांटिक या मोठ्या कंपनीशी करार केला होता आणि तो बारकाईने वाचला नव्हता. १९६८ मध्ये दोघांची फारकत झाली, तेव्हा कळले की आजवरच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे गेली आहे. ओटिसचा आवाजही त्यातच गेला. एका सहीने वर्षांची मेहनत परक्या घरात पडली. स्टॅक्सने पुन्हा उभारी धरली, पण १९७५ अखेर तिचे दिवाळे निघाले.

झेल्माने मात्र शेत राखले. गीतकार म्हणून नवऱ्याचा वाटा येत होता, तो तिने जपला. मुले वाढवली; दोघे मुलगे पुढे गाण्यात आले. २००७ साली तिने मेकनमध्ये ओटिसच्या नावाने संस्था काढली. गरीब घरांतली मुलेही तिथे संगीत शिकली.

तेव्हा मंडळी, आवाज असो की पीक, कष्टाने येते ते कागदाने राहते. सही किंवा अंगठा देण्यापूर्वी कागद पोराकडून दोनदा वाचून घ्या. समजला नाही तर उद्या या म्हणावे. उद्यापर्यंत थांबत नाही तो व्यवहार आपल्या हिताचा नसतो. आणि घरातले कागद कोणत्या पेटीत आहेत, कोणावर किती येणे-देणे आहे, हे घरधनिणीला आजच सांगून ठेवा. ओटिसला तरी उद्याचे कुठे ठाऊक होते?