परसबागेसाठी पिलू



दुबईतील अल मनखूल भागात राहणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. उन्हाळी सुटीत मायदेशी जावे, आणि परत येऊन पाहावे तो सज्जातील मोगरा-जास्वंदीच्या कुंड्या वाळून गेलेल्या! त्यात आपल्या निगेचा दोष नाही. ४५ अंशांपर्यंत चढणारे ऊन, वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस आणि खारट वाळू यांत कोकणच्या पावसावर पोसलेली झाडे तग धरीत नाहीत. ज्यांच्या इमारतीभोवती थोडी मोकळी जमीन असेल, त्यांनी मालकाच्या संमतीने तेथे पिलूचे झुडूप लावून पाहावे.

पिलू म्हणजेच अरबांचा अराक. दात घासण्याचे मिस्वाक बहुधा याच्याच मुळीचे असते. कोकणात त्याला खाकण किंवा मिरजोळी म्हणतात. खाड्यांच्या काठी, तिवरांच्या मागील बाजूस ते आपणहून वाढते. मृत समुद्राकाठी एन-गेदी येथेही ते रानातच उगवते. कोकण, अरबस्थान आणि एरेत्झ इस्रायल, या तिन्ही भूमींत ते मूळचेच आहे, ही गोष्ट आपल्या समाजाने ध्यानी घेण्याजोगी आहे. त्याची मांसल पाने बारमाही हिरवी राहतात व चावल्यास मोहरीसारखी तिखट लागतात. फळे लहान व तांबूस असून पक्ष्यांना प्रिय असतात.

लागवडीसाठी पिकलेली ताजी फळे घेऊन गर धुऊन काढावा. गर राहिल्यास बी नीट रुजत नाही. रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऊन उतरल्यावर, दोन-दोन मीटर अंतराने जमिनीत लावावीत. मुळे खोल जाणारी असल्याने कुंडीत त्यांचा निभाव फार काळ लागत नाही. रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली उतरतात. पहिले दोन उन्हाळे मात्र जपावे लागतात. सुटीवर जाताना पाण्याचे काम शेजाऱ्यांवर सोपवावे. वाढ संथ असते, म्हणून उतावीळ होऊ नये. पुढे हेच झुडूप दाट होऊन खाऱ्या वाऱ्याला आडोसा देते.

मोगऱ्याची आवड अवश्य जपावी. परंतु ज्या भूमीवर आपली मुले वाढत आहेत, तिचे एक तरी झाड त्यांना नावाने ओळखता आले पाहिजे. ते त्यांच्याच हातून लावून घ्यावे, ही विनंती.