देशाबाहेर बसून लिहिलेला देशाचा इतिहास : चोंग-सिक ली आज का वाचावेत?

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-योल यांनी दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. कारण काय दिले? देशात उत्तर कोरियाधार्जिण्या, राष्ट्रविरोधी शक्ती माजल्या आहेत. काही तासांतच संसदेत हजर असलेल्या १९० सदस्यांनी एकमताने तो हाणून पाडला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या संविधान न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केले. आपल्याकडच्या माध्यमांसाठी बातमी तिथेच संपली. पण विरोधकाला 'राष्ट्रविरोधी' ठरवून मोकळे होण्याची ही सवय कोरियात कुठून आली, हे समजून घ्यायचे तर एका प्राध्यापकाचे काम वाचावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. मराठीत त्यांच्याविषयी फारसे कुणी लिहिलेले नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

चोंग-सिक ली यांचा जन्म १९३१ चा, आजच्या उत्तर कोरियातल्या आन्जू गावचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. बालपणाचा मोठा भाग मांचुरियात गेला. महायुद्ध संपले, चीनमध्ये यादवी पेटली आणि त्या धामधुमीत वडील बेपत्ता झाले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरावर घर चालवायची वेळ आली. त्याने कापसाच्या कारखान्यात काम केले, पुढे प्योंगयांगला परतल्यावर बाजारात तांदूळ विकला. कोरियन युद्धात कुटुंब दक्षिणेकडे आले. कोरियन, जपानी आणि चिनी या तिन्ही भाषा या मुलाला परिस्थितीनेच शिकवल्या होत्या, त्यामुळे अमेरिकी सैन्याकडे भाषांतराचे काम मिळाले. १९५४ मध्ये तो अमेरिकेला गेला. आधी लॉस एंजेलिस, मग बर्कले. १९६१ ला राज्यशास्त्रात पीएच.डी. आणि १९६३ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अध्यापन, ते थेट निवृत्तीपर्यंत.

गरिबीतून वर आलेल्या माणसाची गोष्ट म्हणून एवढे सांगून थांबता येईल. तशा गोष्टी आपल्या वस्त्यांत घरोघरी आहेत. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की तिकडे जाऊन या माणसाने अभ्यासाला विषय कोणता घेतला.

त्याने आपलाच देश घेतला, आणि त्यातही देशात ज्याचा उच्चार करणे धोक्याचे होते तो भाग. दक्षिण कोरियात १९४८ पासून राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू आहे. त्याच्या सातव्या कलमाखाली 'राष्ट्रविरोधी संघटनेची स्तुती' केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा देशात कम्युनिस्ट चळवळीचा सरळ, पुराव्यानिशी इतिहास कोण लिहिणार? उत्तरेत तर प्रश्नच नव्हता. तिथे इतिहास म्हणजे किम इल-संग यांची आरती. ली यांनी आपले गुरू रॉबर्ट स्कालापिनो यांच्यासोबत हा इतिहास अमेरिकेतून लिहिला. 'कम्युनिझम इन कोरिया' या ग्रंथाचे दोन खंड, दीड हजारांवर पाने. १९७४ मध्ये अमेरिकी राज्यशास्त्र परिषदेचा वुड्रो विल्सन पुरस्कार त्याला मिळाला.

त्यातून काय दिसते? १९१९ च्या १ मार्चच्या स्वातंत्र्य आंदोलनात लाखो कोरियन रस्त्यावर आले, चिरडले गेले, आणि स्वयंनिर्णयाच्या गप्पा मारणाऱ्या पाश्चात्त्य सत्तांनी पाठ फिरवली. हात पुढे केला तो रशियातल्या नव्या सत्तेने. मांचुरिया-सैबेरियातल्या अनेक स्वातंत्र्यसैनिकांनी मार्क्स वाचून नव्हे, तर बंदुका आणि आसरा कुठे मिळतो ते पाहून लाल झेंडा हाती घेतला. राष्ट्रवाद आणि साम्यवाद यांची मुळे एकाच मातीत होती, फाळणीने त्यांना शत्रू केले.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या लष्करी अकादमीने सेनानी होंग बम-दो यांचा अर्धपुतळा आवारातून हलवायचे ठरवले. १९२० मध्ये मांचुरियात जपानी सैन्याला धूळ चारणारा हा माणूस. गुन्हा काय, तर १९२७ मध्ये तो सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला. त्याच सोव्हिएत राजवटीने १९३७ मध्ये लाखाहून अधिक कोरियनांबरोबर त्यालाही कझाकस्तानात नेऊन टाकले, तिथे नाट्यगृहाचा पहारेकरी म्हणून तो राहिला आणि १९४३ मध्ये वारला. महापुरुषांचे पुतळे कुठे बसतात आणि कुठून उठतात यामागचे राजकारण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ली यांच्यावर टीकाही झाली पाहिजे. त्यांच्या साधनांचा मोठा भाग जपानी पोलिसांच्या दप्तरातला होता, आणि पोलीस चळवळीकडे नेहमी कट म्हणूनच पाहतो. शिवाय शीतयुद्धाच्या काळातली अमेरिकी नजर त्या ग्रंथात जाणवते. पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी ती चौकट मोडली. तरीही पुरावा समोर ठेवल्यामुळे वाद घालता आला, हे कमी नाही. त्यांच्याच पिढीचे, हवाई विद्यापीठातले डे-सूक सुह यांनी १९८८ मध्ये किम इल-संग यांचे चरित्र लिहिले तेव्हा असेच झाले. किम हा तोतया आहे असे दक्षिणेत शिकवले जाई, तर उत्तरेत त्याला एकट्याने जपानला हरवणारा ठरवले होते. सुह यांनी दाखवले की तो खरोखर मांचुरियातला गनिमी सैनिक होता, पण अनेकांतला एक.

आता आपल्याकडे वळू. परदेशी विद्यापीठात बसून स्वतःच्या समाजाची चिकित्सा करणे ही आपली जुनी वाट आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. आणि २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमावलीत काय लिहिले? भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत. हे विषय देशातच शिकता येतात, असा त्यामागचा युक्तिवाद. शिकता येतात, मान्य. पण कोणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली, कोणत्या दबावात? बापाच्या पैशावर ऑक्सफर्डला जाणाऱ्याला कुणी विषय विचारत नाही. सरकारी शिष्यवृत्तीवाचून ज्याला पर्याय नाही, त्यालाच तो विचारला जातो. अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनी नियमावलीतली ती ओळ आधी वाचावी, आणि आपल्या संघटनांनी ती निवेदनांत सतत मांडावी.

कोरियात मात्र पुस्तक शेवटी घरी पोहोचले. १९८० च्या दशकात, हुकूमशाही अजून चालू असताना, त्याचे कोरियन भाषांतर निघाले आणि २०१५ मध्ये ते पुन्हा छापले गेले. ली यांनी उतारवयात सिंगमन री आणि पार्क चुंग-ही यांच्यावरही लिहिले आणि २०२० मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आत्मचरित्र दिले. सातवे कलम अजून जागेवर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये संविधान न्यायालयाने ते पुन्हा एकदा वैध ठरवले.